कोडंबाक्कम पुलाचा उतार

मद्रासच्या वेस्ट मांबलममध्ये माझं खरं नाव विचाराल, तर शेजारच्या फ्लॅटमधलेसुद्धा घोटाळ्यात पडतील. ‘सायकल मामी’ म्हणालात, की मात्र कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही तुम्हाला माझ्या दारापर्यंत आणून सोडेल. मी मूळची मिरजेची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा आमचे हे मद्रासबाहेरच्या आवडी या गावी नोकरीत होते आणि मी सरकारी क्वार्टरच्या चार भिंतींत कंटाळून जवळच्याच एका सायकलच्या कारखान्यात कामाला लागले. तिथे मला चाकं सरळ करण्याच्या विभागात बसवलं, ती निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते. बायकांचे हात हलके असतात म्हणून हे काम बायकांना, असं साहेब लोक म्हणायचे. आमचे हात किती हलके आहेत हे त्यांना युनियनच्या मीटिंगमध्ये कळायचं, पण तो विषय वेगळा.

आता घरीच, तळमजल्याच्या पुढच्या पडवीत, जुन्या सायकली नव्याने बांधते. पंक्चर काढत नाही, ते आधीच सांगून ठेवते. माझ्याकडे येतात त्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला ठेवलेल्या, गंजलेल्या, गिअरच्या सायकली. मुलानं कॉलेजात असताना हट्टाने घेतलेली माउंटन बाइक. आता मद्रासमध्ये माउंटन कुठला आला? सेंट थॉमसची टेकडी सोडली तर सगळा गाव पोळपाटासारखा सपाट. पण प्रत्येक तिसऱ्या बाल्कनीत डोंगर चढायला निघालेली एक सायकल गंजत उभी आहे.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक वल्ली. एक तरुण वजनकाटा घेऊन यायचा आणि मी बदललेला प्रत्येक स्क्रू तोलून बघायचा. त्याचं स्वतःचं पोट मात्र त्या हिशेबात नव्हतं. एका शिक्षिकाबाईंनी सगळे गिअर काढून टाकायला लावले, कारण ‘इतके पर्याय असले की मला घरी बसावंसं वाटतं’. मला ते तंतोतंत पटलं. पण मला आज सांगायचंय ते वेंकटरावांच्या सायकलीबद्दल.

वेंकटराव आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहतात. तंजावरकडचे मराठी. नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या घरातलं मराठी ऐकलं की मला आधी आजोळच्या पोथीचा भास होतो आणि पुढच्याच वाक्यात तमिळ शब्द येऊन आपटतो. एका सकाळी ते मुलाची जुनी सायकल हाताने ढकलत माझ्या दारात उभे राहिले. दोन्ही टायर बसलेले, चेन गंजून कडक, पुढचा शॉकअप चिखल सुकावा तसा घट्ट.

“बाई, हें जनावर पुन्हा चालेल कां?”

“कोण चालवणार?”

“मीच.”

मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. ते हसले. “चालतांना दुखतात. बसून फिरवतांना दुखत नाहींत. डॉक्टरच म्हणाला.”

मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, नुंगंबाक्कमला मुलाकडे असतात. अर्धांगाचा झटका आला, त्यातून उठले, पण तमिळ गेलं, इंग्रजी गेलं. जन्मभर बँकेत तमिळ आणि इंग्रजीत बोललेला माणूस, त्याच्याकडे उरलं ते फक्त आईचं मराठी, तेही तुकड्यातुकड्यांनी. त्या घरात आता मराठी कोणाला येत नाही. नातवंडं प्रेमाने येऊन बसतात, गालावर हात फिरवतात, पण अण्णा काय म्हणतात ते त्यांना कळत नाही. वेंकटराव भेटायला गेले, की अण्णांचं तोंड उघडतं.

“मग ऑटोने जा की,” मी म्हणाले.

“जातों. मुलगाच, मुरली, बुक करतो. पण बाई, रोज मुलाला विचारायचें, ‘जाऊं कां रे?’ तो नाहीं म्हणत नाहीं. म्हणतो, ‘अप्पा, मीटिंग संपूं दे.’ मीटिंग संपते तोंवर अण्णा निजलेला असतो. स्कूटर तर त्यानेंच विकली, माझ्या भल्यासाठीं.” सायकलीची सीट हाताने पुसत ते म्हणाले, “मला कोणाला न विचारतां माझ्या भावाकडे जायचें आहे. इतकेंच.”

मी सायकल आत घेतली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जुनी सायकल नवी करायची म्हणजे गंज घासायचा, रंग मारायचा आणि चकचकीत पार्ट लावायचे. रंग मी सगळ्यात शेवटी बघते. आधी सांगाडा बघायचा. सगळे जोड कापडाने पुसून, नख फिरवून, कुठे बारीक चीर आहे का ते तपासायचं. सांगाड्याला चीर असेल तर मी सायकल परत देते, मग मालक कितीही रडो. वेंकटरावांचा सांगाडा शाबूत होता. सीटची दांडी मात्र आत चिकटून बसलेली. आमच्याकडे हवेतच मीठ आहे. वर्षानुवर्षं हलवली नाही तर दांडी आणि सांगाडा एकजीव होतात. नवखे लोक तिथे हातोडा घेतात. मी तेल सोडते आणि रोज थोडं थोडं, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं धीराने घेते. मग दांडीच वाइसच्या लोखंडी जबड्यात पकडायची आणि आख्खी सायकल धरून फिरवायची. वेंकटराव रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, “सुटली कां?” सुटली त्या दिवशी जो कर्र आवाज झाला, त्याने वरच्या मजल्यावरच्या बाई खाली डोकावल्या.

या कामात सगळं अवघड त्या एका पुलाभोवती होतं. वेस्ट मांबलमहून नुंगंबाक्कमला जायचं तर रुळांच्या पलीकडे जायला हवं आणि त्यासाठी कोडंबाक्कमचा पूल. तो चढायला गुडघे हवेत आणि उतरायला ब्रेक. चढासाठी मी पुढच्या तीन चक्रांतली दोन काढून एकच छोटं ठेवलं आणि मागे मोठ्या दात्यांचा संच बसवला, म्हणजे चढावर पाय शिवणाच्या मशीनसारखे हलके फिरतील. आखडलेला शॉकअप काढून पुढच्या चाकाला साधा चिमटा लावला. हँडल उंच केलं, डोंगराचे खडबडीत टायर काढून गुळगुळीत घातले. उतरण्यासाठी डिस्क ब्रेक. कंपनीने सांगाड्यावर डिस्कची जागा ठेवली होती, पण पैसे वाचवायला रिमवर रबर दाबणारे जुने ब्रेक दिले होते. डिस्क ब्रेक म्हणजे चाकाच्या मधोमध एक स्टीलची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे दोन पॅड. बोटभर जोर लावला तरी सायकल उभी राहते. वेंकटरावांच्या बोटांत तेवढाच जोर होता.

चाकं मी स्वतः विणली. होय, विणलीच म्हणते. एकेक स्पोक ओवायचा, ताणायचा, मग चाक फिरवून कुठे डावीकडे झुकतंय, कुठे उजवीकडे, ते बघत त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. जन्मभर हेच केलं. चाक फिरताना स्थिर उभं असल्यासारखं दिसतं, तेव्हा मला जे वाटतं ते पोरं पास झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. हे वाचून आमची पोरं रागावतील, पण खरं ते खरं.

वेंकटरावांच्या पत्नी कमलाअक्का या सगळ्या काळात माझ्याशी जेमतेम बोलत होत्या. भाजीवाल्याकडे भेटल्या तरी कोथिंबिरीकडे बघायच्या. एकदा मात्र फुटल्या.

“तुम्ही त्यांना चढवतां आहां. सत्तरीच्या माणसाला पोरांचें खेळणें! त्या पुलावर बसेस कशा धांवतात, बघितलें आहे?”

“बघितलंय अक्का. म्हणूनच ब्रेक चांगले लावतेय.”

“ब्रेकानें काय होतें? कपाळावर लिहिलेलें चुकतें?”

यावर माझ्याकडे पाना नव्हता. 

सायकल दिली तेव्हा मी वेंकटरावांना पडवीत बसवून पाठ पढवला. चढताना गिअर आधीच हलका करा. सायकल कलती करून मग पाय टाका. आणि चकतीला हात लावायचा नाही, तेल तर बिलकुल नाही. ते शाळेतल्या मुलासारखे मान डोलवत होते. नवरात्राचे दिवस होते. रोज सकाळी ते माझ्या दारावरून घंटी वाजवत जायचे आणि परत येताना थांबून अण्णांची बातमी द्यायचे. आज अण्णा ‘उंबरठा’ म्हणाला. आज आईच्या हातच्या अंबटभाताबद्दल बोलला. मीठ कमी असायचें म्हणाला. अशा बातम्या ऐकता ऐकता माझा चहा गार व्हायचा, तरी मी त्यांना थांबवायची नाही.

मग आयुधपूजा आली. आपल्याकडची खंडेनवमीच ती, पण मद्रासमध्ये तिचा थाट काही और. सरस्वतीपुढे पुस्तकं आणि हत्यारं मांडतात, त्यांना चंदन आणि कुंकू लावतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. बसला झेंडूचे हार, ऑटोला केळीचे खांब, चाकाखाली लिंबू आणि रस्त्यात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. माझे पाने, स्पोकच्या चाव्या, हातोडी, सगळं धुऊनपुसून देवापुढे होतं. वेंकटराव सायकल न घेता चालत तीर्थप्रसाद द्यायला आले. “तुमचीं हत्यारें निजलीं वाटतें?” म्हणाले. मी म्हटलं, “उद्या उठतील.” ते म्हणाले, “आमच्याकडे आज नवल झालें. हिनें स्वतः सायकल धुतली. पूजा केली. हार घातला.” त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मलाही भरून आलं. एका हाराने कमलाअक्कांनी सायकल घरात घेतली होती.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. रस्त्यांवर फुटलेल्या कोहळ्यांचा लगदा. वेंकटराव झेंडूच्या हारासकट निघाले आणि कोडंबाक्कमच्या पुलाच्या पलीकडच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबले. सायकल किंचाळली, पण थांबली नाही. त्यांनी पाय घासला, कठड्याला टेकायचा प्रयत्न केला आणि कडेच्या फुलवालीच्या टोपल्यांत जाऊन आदळले. मागून बस नव्हती, हे नशीब. फुलवालीने त्यांना उचललं, पाणी पाजलं, मुरलीला फोन लावला. मनगट मुरगळलं, कोपर सोलवटलं, गुडघ्यांना काही झालं नाही.

त्या दुपारी मुरली सायकल घेऊन माझ्या दारात आला. मागे गळ्यात झोळी बांधून वेंकटराव आणि त्यांच्यामागे कमलाअक्का. मुरली शांत मुलगा आहे, आवाजसुद्धा चढवला नाही.

“मामी, पोदुम. पुरे झालं. कोहळ्यावरून घसरली असेल, नाहीतर ब्रेक गेले असतील, मला काही माहीत करून घ्यायचं नाही. माझीच सायकल होती, मीच सांगतो. तोडून टाका. पार्ट तुम्हाला ठेवा.”

 वेंकटराव सायकलीकडे बघत होते. त्यांचा भाऊ खिडकीशी बसून वाट बघत असेल, हे त्या पडवीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

 ब्रेक मी लावले होते. केबल बघितली, ताठ होती. पॅडची पकड नीट. मी वाकून चाक फिरवलं आणि वास आला. चंदनाचा. त्यामागून खोबरेल तेलाचा. चकतीच्या भोकांत गुलाबी कुंकू अडकलं होतं. पॅड काढून अंगठा फिरवला तर तो लोण्यावरून जावा तसा सरकला. ब्रेकला एकदा तेल लागलं की पॅड ते पिऊन टाकतात, मग कितीही दाबा, नुसतं ओरडतात.

मी वर बघितलं. कमलाअक्का माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या. “अक्का, जरा आत या, पाणी देते,” म्हणून मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं.

“चकती तुम्ही पुसली?”

“हो. सगळ्यांत सुंदर तीच दिसली. सुदर्शन चक्रासारखी. तेलाचा हात दिला, कुंकू धरावें म्हणून. मग चंदन, मग कुंकवाचे पांच ठिपके. दोन्ही चक्रांना.” त्यांचा आवाज बारीक झाला. “कां? तें लावायचें नसतें?”

मी ओट्यावरची लोणच्याची बरणी पुढे केली. “तेलाच्या हाताने हिचं झाकण उघडेल?”

त्यांनी बरणी हातातही घेतली नाही. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला स्वतःचाच राग आला. वेंकटरावांना मी पाठ पढवला होता, पण घरातल्या वस्तूवर पहिला हात कोणाचा पडतो हे मला, एका बाईला, सुचायला नको होतं? या माउलीने माझ्याशी भांडून, घाबरून, शेवटी मन मोठं करून त्या सायकलीला देव मानलं, आणि तीच पूजा तिच्या नवऱ्याला उतारावर घेऊन गेली.

“कोणाला सांगायची गरज नाही,” मी म्हणाले. “नवे पॅड घालते. पार्ट सदोष निघाला म्हणून सांगते. माझ्या अंगाला भोकं पडत नाहीत.”

कमलाअक्कांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू हिला कोणी मेकॅनिक केलं?

“तुम्ही असें म्हणालां तर मुरली म्हणेल, ब्रेक पुन्हा जातील. सायकल मोडीतच जाईल. आणि अण्णा?”

त्या बाहेर गेल्या. मी मागोमाग. मुलासमोर उभ्या राहून त्यांनी एका दमात सांगितलं, “मुरली, ब्रेक चांगले होते. मींच तेल लावलें. पूजा करतांना. बाईंची चूक नाहीं, तुझ्या अप्पांची चूक नाहीं. माझी आहे.”

मुरली ‘अय्यो अम्मा’ एवढंच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकमेकांना ढकलत होती. तेव्हा वेंकटराव म्हणाले, “पांच ठिपके मींहि बघितले होते. बाईंनीं मला सांगितलें होतें, चकतीला कांहीं लावायचें नाहीं. पण विजयादशमीच्या सकाळीं कुंकू कोण पुसणार? तिनें लावलेलें?”

 मुरलीने सायकल भिंतीला टेकवली. “अम्मा ठरवेल,” म्हणाला. “ती हो म्हणाली तर जाऊ दे. मी नाही म्हणणार नाही.” आणि निघून गेला.

मनगट बरं व्हायला वेळ लागला. तोवर मुरली त्यांना रविवारी गाडीने नेई. इतर दिवशी ते फोन करायचे, पण अण्णांना फोनमधला आवाज कुठून येतो ते कळायचं नाही, ते मोबाइल उलटा करून बघायचे. वेंकटराव हे सांगताना हसायचे, आणि मग हसणं मध्येच सोडून द्यायचे. मी पॅड बदलले, चकत्या स्पिरिटने पुसल्या, केबल पुन्हा ताणल्या. सायकल माझ्याच पडवीत होती. न्यायला कोणी येत नव्हतं आणि मी विचारायची हिंमत करत नव्हते. मनात म्हणत होते, कमलाअक्का नाही म्हणाल्या तरी त्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असते तर सायकल केव्हाच कोयंबेडूच्या भंगारात दिली असती.

एका सकाळी दोघं आले. वेंकटरावांची झोळी गेली होती. कमलाअक्कांची नुकतीच न्हाऊन घातलेली वेणी ओली होती. “बाई, सायकल द्या,” म्हणाल्या. मी बाहेर काढली. वेंकटराव हात पुढे करणार, तोच त्यांनी हँडल स्वतःच्या हातात घेतलं.

“कसें बघायचें तें सांगा.”

मी दाखवलं. ब्रेकचे दोन्ही लिव्हर दाबायचे आणि सायकल पुढे ढकलायची. अक्कांनी साडीचा पदर खोचला, लिव्हर दाबले आणि अंगातला सगळा जोर लावून ढकललं. चाक तसूभर हललं नाही. मागचं तर जमिनीवरून उचललं गेलं. त्यांनी पुन्हा ढकललं. मग पुढचा एकटा, मग मागचा एकटा. मग खाली वाकून चकतीचा वास घेतला. मी कारखान्यात किती तपासणीस पाहिले, पण इतका कडक एकही नव्हता. शेवटी त्यांनी सायकल सरळ केली आणि हँडल नवऱ्याच्या हातात दिलं.

वेंकटरावांनी सायकल कलती केली, पाय टाकला, सीटवर बसले. एक पाय जमिनीवर टेकलेला. पण निघेनात. बायकोकडे बघत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, “जाऊं कां?”

कमलाअक्का खोचलेला पदर सोडत खेकसल्या, “मला काय विचारतां? तुमचा भाऊ आहे. जावा.”